आतोबांची स्टँडबाय डिस्क

आमचे आतोबा जगातले सगळे समुद्र ओलांडून आले आणि त्यातला एकही त्यांनी पाहिला नाही. यात तसूभरही अतिशयोक्ती नाही. माझ्या आत्याचे हे यजमान बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये होते. इंजिन रूम असते पाण्याच्या पातळीखाली आणि तिला खिडकी नसते. जहाज बंदराला लागलं की वरची मंडळी कपडे बदलून शहर बघायला जायची आणि आतोबा इंजिन थंड झालंय तोवर त्याचं पोट उघडून बसायचे. सुट्टीवर आले की गावातले लोक कौतुकाने विचारत, "परदेश कसो आसा?" आतोबा क्षणभर आठवून प्रामाणिकपणे सांगत, "गरम." निवृत्त झाल्यावर निदान घरचा समुद्र तरी ते डोळे भरून पाहतील अशी आमची समजूत होती, कारण तोंडवलीतलं त्यांचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण ते ओटीवर खुर्ची मांडतात ती सुरूच्या बनाकडे पाठ करून, समोर विहिरीवरचा पंप दिसेल अशी. पर्यटक त्यांना पाठमोरं बघतात आणि हे गृहस्थ समुद्रावर रागावलेत काय, असं आत्याला विचारतात.

जहाज सुटलं, पण जहाजाची शिस्त काही सुटली नाही. त्यांच्या घरात दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ असा उजाडत-मावळत नाही, चार-चार तासांच्या पाळ्यांनी बदलतो. आंघोळीला जायचं असलं तरी आतोबा आधी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाळीचा ताबा देतात. "अगो, कुकराच्यो दोन शिट्ट्यो झाल्यो, तिसरी बाकी आसा. दूध खाली उतरलंय. मांजर भायर." हे सगळं आत्यानेच केलेलं असतं, तिच्या डोळ्यांसमोर असतं, तरीही तिने "बरां" म्हटल्याशिवाय त्यांचा पाय न्हाणीकडे वळत नाही. "न्हावक जातत की गलबतार जातत, देव जाणे," असं ती माझ्याकडे बघून म्हणते, आणि तिसरी शिट्टी होईपर्यंत गॅसजवळ उभी राहते.

त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचं सार एका शब्दात आहे आणि तो शब्द म्हणजे स्टँडबाय. जहाजावर एक जनरेटर चालू असला तरी दुसरा तयार ठेवावा लागतो. "येकार इस्वास ठेवलंस की बुडालंस," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे त्यांच्या घरात बॅटऱ्या दोन, छत्र्या दोन, नारळ खवायचे आडाळेही दोन, पैकी दुसऱ्याला आजवर खोबऱ्याचा कीस लागलेला नाही. मुलीच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. मुख्य भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि बाहेर पडवीत दुसरे भटजी सोवळं नेसून, पळी-पंचपात्र समोर मांडून, तयारीत बसले होते. कशासाठी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कार्य निर्विघ्न पार पडलं, दोघे भटजी पोटभर जेवले, जाताना दोघांनीही जोडप्याला आशीर्वाद दिला. नवरामुलगा मात्र एकच होता, याची रुखरुख आतोबांच्या चेहऱ्यावर अक्षता पडेपर्यंत मला दिसत होती.

इंजिनांनी त्यांचे कान खाल्ले. आता कानात यंत्र घातल्याशिवाय त्यांना हाक ऐकू येत नाही, आणि यंत्र घातल्यावरही सोयीचंच ऐकू येतं. पण यंत्रांचं बोलणं त्यांना हाडाने कळतं. त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर आहे. त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, डोळे मिटायचे, आणि मग ते सांगतात की आत काय चाललंय. मिक्सर, पंप, माझी स्कूटर, सगळ्यांच्या छातीला हा ड्रायव्हर लागलेला आहे. एकदा शेजाऱ्यांकडे सत्यनारायणाला गेलेले असताना प्रसाद हातात घेऊनच ते फ्रिजपाशी गेले, पिशवीतून ड्रायव्हर काढला आणि भरल्या घरात जाहीर केलं की ह्यो फार दिवस काढूचो नाय. पूजेच्या दिवशी असं बोलू नये म्हणून यजमानीणबाई दुखावल्या. पुढच्या पंधरवड्यात फ्रिज बंद पडला तेव्हा तर त्या जास्तच दुखावल्या.

तर अशा माणसाच्या घरी एक कॉम्प्युटर आला. आला म्हणजे राहिला. मुलगी घरून काम करायच्या काळात पुण्याहून तो घेऊन आली होती, चांगला गेम खेळायचा, दणकट. परत जाताना तिने लॅपटॉप नेला आणि हा इथेच ठेवला. मधल्या काळात तिने आईला त्यावर एक गेम शिकवला होता, ट्रक चालवायचा. परदेशातले लांबच लांब रस्ते, बोगदे, पूल, डोंगर, आणि आपण मालाने भरलेला ट्रक घेऊन या गावाहून त्या गावाला जायचं. माझी आत्या जन्मात कधी सायकलवर बसली नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वाळूतून चालणं बंद झालं होतं, म्हणजे किनाराही बंद. ती या ट्रकवर अशी काही बसली की बसलीच. सकाळची कामं आटोपली की पदर खोचून, चष्मा पुसून ती निघायची. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा वळताना इंडिकेटर द्यायची. पुढे कुणी रेंगाळला की मालवणीत त्याचा उद्धार व्हायचा. "सर रे मेल्या बाजूक! तुझ्या बापाशीचो रस्तो काय?" तो बिचारा पडद्यातला परदेशी ड्रायव्हर खरंच बाजूला व्हायचा, असं तिचं म्हणणं.

आतोबा स्वतः कधी खेळले नाहीत. ट्रक ती चालवणार आणि इंजिन ते बघणार, अशी वाटणी न बोलता झाली होती. ते टेबलाखालच्या कॅबिनेटची धूळ ब्रशने काढायचे, खाऱ्या हवेने पत्रा गंजू नये म्हणून रात्री त्यावर चादर घालायचे. पण एक दिवस मी गेलो तर ते तिच्या खुर्चीमागे उभे होते आणि पडद्यावर एक मोठं बंदर होतं. क्रेन, धक्का, मागे टेकडीवर चढत गेलेली घरं, एका चर्चचा उंच मनोरा. आतोबा बघतच राहिले होते. "ह्या बंदरात मी सात वेळा गेलंय," ते म्हणाले, "ह्या असा आसा होय!" आत्याने ट्रक हळू केला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या तरी तिने त्यांना ते सगळं बंदर नीट दाखवलं. मला त्या दिवशी दोघांचाही हेवा वाटला, हे मी मोकळेपणाने सांगतो.

या सुखात मिठाचा खडा पडला तो गेल्या वर्षी. ट्रक चालता चालता अचानक थांबायला लागला. ट्रक नव्हे, सगळंच. पडदा तीन-चार सेकंद गोठायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा, तोवर ट्रक कठड्यावर आदळलेला असायचा. आत्या ओरडायची, "थांबला! अहो, थांबला!" आतोबा यंत्र कानात सारत येईपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असायचं. मी कुडाळच्या शाळेत मास्तर असल्यामुळे मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा तोंडवलीत गैरसमज आहे. मी रविवारी जाऊन पंधरा मिनिटं ट्रक चालवला, एकदाही काही थांबलं नाही. मग मालवणहून दुरुस्तीवाला आला. त्याने सगळे फोल्डर उघडून पाहिले, अर्धा तास तपासलं, कॉम्प्युटरवाल्यांचा रामबाण म्हणून फॉरमॅट मारूया का असंही विचारलं, आणि शेवटी उठताना हसून म्हणाला, "काकी, मशीन एकदम ओके आहे. खेळता खेळता तुमचाच डोळा लागत असेल." तो हसला, मी हसलो, आत्याही हसली. पण त्या दिवशी तिने ट्रक पुन्हा काढला नाही.

दोन आठवड्यांनी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. हातात सांदणांसाठी सोललेले फणसाचे गरे होते आणि नजर त्यांच्यावरच. "थांबता ता मशीन न्हय रे," ती म्हणाली, "मीच थांबतंय. ताईचा असाच सुरू झालला. कढयेत झारो धरून तशीच उभी रवली, भजी जळली तरी तिका कळाक नाय. ह्येंका सांगू नको." ताई म्हणजे माझी थोरली आत्या, दोडामार्गाला दिलेली. शेवटची तीन वर्षं ती कुणालाच ओळखत नव्हती, ही धाकटी बहीण तिला भरवायला जायची आणि ती हिला "तुमी खंयच्यो गो?" म्हणून विचारायची. मी म्हटलं, आत्या, काहीतरीच काय. पण माझ्या आवाजात काही दम नव्हता, आणि ते तिला लगेच कळलं. त्यानंतर तिचं ट्रक चालवणं कमी झालं. घेतलाच तर जवळच्या जवळ जायची, आणि थांबलं तरी ओरडायची नाही.

मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, दादा, नवीन पाठवते, उद्याच. मी ही खुशखबर घेऊन ओटीवर गेलो तर आतोबा ताडकन उठले. "नवीन नको!" इतक्या जोरात ते फक्त इंजिन रूममध्ये बोलले असतील. मला रागच आला. दोन-दोन छत्र्या बाळगणारा माणूस दुसऱ्या कॉम्प्युटरला नको म्हणतो! मी तसं बोललोही. तेव्हा ते मला हाताला धरून पंपापर्यंत घेऊन गेले आणि पंप चालू केला, म्हणजे घरात ऐकू जाऊ नये. "माका काय कळणा नाय?" ते म्हणाले. "आदी थांबला की ती वराडायची. आता थांबला तरी गप रवता. नवीन हाडलंय तर ता थांबूचा नाय, ता खरा. पण मगे जुन्यात थांबत होता कोण, मशीन की ती? ता तिका कधीच कळूचा नाय. जलमभर मनात धरून बसात." या माणसाला ऐकू येत नाही असं आम्ही सगळे समजत होतो.

मग आतोबांनी तीन आठवडे पाळी लावली. एक मोठं रेघांचं रजिस्टर आणलं आणि तिच्या मागे खुर्ची टाकून, डोळे पडद्यावर लावून ते बसू लागले. प्रत्येक नोंदीत वेळ, किती सेकंद, पंखा चालू की बंद, फ्रिज चालू की बंद, भरती की ओहोटी. भरती-ओहोटी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, नोंद करताना आपली अक्कल चालवायची नसते. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर बसवला. खाऱ्या हवेने जोडण्या खराब झाल्या असतील म्हणून एकेक काढून खोडरबराने घासली. काहीच फरक पडला नाही. पण एका संध्याकाळी त्यांनी मला फोन करून फक्त रजिस्टर वाचून दाखवलं आणि विचारलं, "काय दिसता?" मला काही दिसलं नाही. "येकदा थांबला की वीस मिनटांच्या आत परत कधीच थांबणा नाय," ते म्हणाले. "माणसाचा मन घड्याळ बघून थांबणा नाय रे. ह्यात खंयतरी कोणतरी झोपता आसा."

पुढच्या रविवारी सकाळी मी पोचलो तर आतोबांनी जहाजावरचा निळा बॉयलर सूट चढवला होता. मधली तीन बटणं आता लागत नाहीत, तिथून बनियन दिसत होता. बेत असा होता: आत्या ट्रक चालवणार, आतोबा टेबलाखाली कॅबिनेट उघडून ड्रायव्हर लावून बसणार, आणि मी मध्ये रजिस्टर घेऊन. पडदा थांबला की तिने सांगायचं. आत काही हललं की त्यांनी हात वर करायचा. टेबलाखालून पडदा दिसत नव्हता, आणि त्यांनी कानातलं यंत्र काढून माझ्या खिशात टाकलं, म्हणजे तिचं ऐकून हात वर केला असं कुणी म्हणायला नको. कुणी म्हणजे आत्याने. हे सगळं तिच्यासाठी चाललंय, हे तिला कळत होतं. तिने "थांबला" म्हटलं आणि खालून हात वर आला नाही तर काय, हा विचार आम्हा तिघांनाही सोडत नव्हता.

वीस मिनिटं काहीच झालं नाही. बाहेर कुणीतरी मासे विकायला येऊन, हाका मारून निघून गेलं. मग आत्या हलक्या आवाजात म्हणाली, "थांबला." मी खाली पाहिलं. धुळीने काळा झालेला हात वर होता. मी नोंद केली. अर्ध्या तासाने पुन्हा तिने "थांबला" म्हटलं आणि पुन्हा हात वर. तिसऱ्या वेळी मात्र तिने सांगितलं, मी वाकून पाहिलं, आणि हात नव्हता. आत्याने विचारलं, "काय रे?" मी गुडघ्यावर बसून टेबलाखाली डोकं घातलं, तर आतोबांचा खांदा आखडला होता आणि त्यांनी हाताऐवजी उजवा पाय जमेल तितका वर धरला होता. चेहरा वेदनेने वाकडा, पण पाय वर. "पाय आसा गो आत्या, पाय!" मी ओरडलो. आणखी दोनदा झालं, दोन्ही वेळा पाय.

आतोबा रांगत बाहेर आले, यंत्र कानात घातलं आणि सगळं समजावून सांगितलं. गेम होता नव्या डिस्कवर, तिचं काही चुकत नव्हतं. पण आत आणखी एक जुनी डिस्क होती, चकती फिरणारी. बराच वेळ कुणी काही मागितलं नाही की ती वीज वाचवायला झोपी जायची. मध्येच कॉम्प्युटर सगळ्यांना हजेरीसाठी हाक मारायचा, आणि ही म्हातारी उठून, गरगरा फिरून वेग घेईपर्यंत बाकी सगळी यंत्रणा खोळंबून उभी राहायची. दुरुस्तीवाल्याने सगळे फोल्डर उघडल्यामुळे ती जागी होती, म्हणून त्याच्यासमोर काही झालं नाही, आणि माझ्या पंधरा मिनिटांत तिला झोपच लागली नव्हती. आमच्या शाळेत तपासणीला साहेब आले की वर्ग जागा असतो, तसंच.

"पण ती डिस्क हयसर घातल्यान कोणी?" आत्याने विचारलं.

आतोबांनी रजिस्टर मिटलं. "मी," ते म्हणाले. "स्टँडबाय म्हणान."

मुलीच्या कॉलेजातल्या जुन्या कॉम्प्युटरमधली धडधाकट डिस्क फेकवेना, म्हणून गेल्या वर्षी त्यांनीच ती आत जोडली होती. पहिली बुडाली तर दुसरी हवी. बत्तीस वर्षांच्या सवयीने आपल्याच बायकोला वेडं ठरवलं होतं जवळजवळ. ते उभेच होते, बॉयलर सूटमध्ये, मान खाली घालून. "म्हणजे मी न्हय?" आत्याने विचारलं. "तू न्हय गो," ते म्हणाले, "चूक माझी." आत्या आधी हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडली, आणि मग पुन्हा हसली. "बत्तीस वर्सां तुमचो स्टँडबाय मीच होतंय," ती म्हणाली, "आता ह्यो दुसरो कित्याक होयो होतो?" डिस्क तेव्हाच निघाली. आत्याने घावणे केले, गुळाचा रस केला, आणि दुपारपर्यंत तिने तीन देश पार केले.

त्यानंतरचे सहा-सात महिने फार सुखाचे गेले. परवा मी पुन्हा गेलो होतो. आत्याचा ट्रक समुद्राच्या कडेच्या एका घाटातून चालला होता, पडद्यावर पाऊस होता. आतोबा चहाचा कप घेऊन मागे उभे होते, मी बाजूला. बोलता बोलता आत्या गप्प झाली. तिची बोटं किबोर्डवर होती पण हलत नव्हती. ट्रक संथपणे रस्ता सोडून गेला आणि कठड्याला टेकला. काचेवरचे वायपर चालू होते, पाऊस पडत होता, मागून येणाऱ्या गाड्या वळसा घालून पुढे जात होत्या. पडद्यावर काहीच थांबलं नव्हतं. मग आत्याने दचकून मागे पाहिलं. "अहो," ती म्हणाली, "मशीन थांबला?"

कदाचित ती समुद्रच बघत असेल. त्या वयात माणूस बघता बघता हरवतं, मीही हरवतो, त्यात विशेष काही नाही. मी स्वतःला अजूनही हेच सांगतोय. पण आतोबांनी काही पाहिलं नाही, किती सेकंद ते मोजलं नाही, मला काही विचारलं नाही. तीन आठवडे एकेक जोडणी घासणारा हा माणूस लगेच म्हणाला, "होय गो, मशीनच थांबला. बघतंय मी." कप माझ्या हातात देऊन ते सावकाश गुडघे टेकून टेबलाखाली गेले. मी वाकून पाहिलं. कॅबिनेट बंदच होतं. ते त्याला टेकून नुसते बसले होते, माझ्याकडे न बघता.

"झाला काय?" वरून आत्याने विचारलं.

"झाला," ते म्हणाले. "तू चल फुडे. मी हय आसंय."